सुईवरची टोपी

परम दयाळू अल्लाचे नाव घेऊन, आणि त्याच्यापासून काही लपत नाही हे ठाऊक असूनही जन्मभर पुष्कळ लपवले याची कबुली देऊन, हे लिहितो.

मी, फिक्री अब्देल-बारी सलामा, वय वर्षे बहात्तर, धंदा रेकॉर्ड प्लेयर व रेडिओ दुरुस्ती, राहणार अत्तारीन बाजाराची मागली गल्ली, तिसरा मजला, अलेक्झांड्रिया, आज पूर्ण शुद्धीवर आहे. फुप्फुसात काय आहे ते डॉक्टरांनी सांगितल्यावर मी घरी येऊन दोन तळलेले मासे आणि अख्खी भाकरी खाल्ली, यावरून माझे डोके ठिकाणावर आहे असे समजावे. हात मात्र कापतात. अक्षर वाकडे दिसेल, त्यावरून कोणी मला दडपून लिहवून घेतले अशी बोंब मारू नये. मला दडपणारा माणूस या गल्लीत अजून जन्मायचा आहे, आणि ही फुशारकी नव्हे, यातच माझा सगळा नाश आहे, हे पुढे वाचल्यावर कळेल.

माझे वारस दोन. मुलगी शहीरा, वय बत्तीस, राहणार तांता, शाळेत शिक्षिका. आणि मला मुलगा नसल्यामुळे धर्माच्या कायद्याने उरलेल्याचा धनी होणारा माझा पुतण्या मुहसिन. इस्टेटीच्या तीन भागांपैकी दोन कायदा सांगेल तसे वाटले जातील, तिथे माझे काही चालत नाही. माझ्या मर्जीचा तो एक तृतीयांश. आयुष्यभर मर्जीनेच वागलो, त्या मानाने हा पुष्कळ झाला.

कलम १. मी गेल्यावर त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर पुरावे. गल्लीत मंडप घालू नये, भाड्याचा कुराण पढणारा आणू नये, आणि भोंगा तर मुळीच लावू नये. आजवर मी ज्या ज्या मयतीच्या मंडपात बसलो तिथला भोंगा फाटका होता. जिवंत असताना मी उठून तार नीट करायचो. या वेळी मला उठता येणार नाही. जागा बहिगाच्या घराण्याच्या कबरीत, बायकांच्या खोलीला लागून पुरुषांची खोली आहे तिथे. मी पाहून आलो आहे. मधली भिंत पातळ आहे.

बहिगा म्हणजे माझी बायको. रशीद गावच्या कोळ्यांची मुलगी. सत्तावीस वर्षांची असताना, २ फेब्रुवारी १९७४ रोजी, हृदयाची झडप निकामी होऊन गेली. शहीरा तेव्हा दहा महिन्यांची होती.

कलम २. दुकानाचा गाळा. तो मुहसिनला जाणार हे उघड आहे, म्हणून उगाच मोठेपणा करून 'देतो' असे लिहीत नाही. गेल्या रमजानात तो आला आणि माझ्यासमोर पावलांनी भिंत मोजू लागला.

"काका, इथे मोबाइलची कव्हरं ठेवली तर बघा कशी रांग लागेल."

"एक कव्हर आधी तुझ्या तोंडाला घाल," मी म्हणालो.

तो हसला. मनाने वाईट नाही पोरगा, घाई फार आहे. त्याने खुशाल कव्हरे विकावीत. फक्त दारावरची पाटी काढताना हातोडी वापरू नये, चार स्क्रू आहेत.

कलम ३. घर भाड्याचे आहे, जुन्या करारावर. घरमालक मी मरायची वाट तेवीस वर्षे पाहतो आहे. त्याला माझा सलाम सांगावा, आणि जिन्यातला दिवा आता तरी लाव म्हणावे.

कलम ४. ताटे-वाट्या, पलंग, कपाट, शिवणयंत्र हे शहीराने हवे ते न्यावे. कपाटाच्या वरच्या खणात नखांना लावायच्या लाल रंगाची एक छोटी बाटली आहे, आत रंग सुकून खडा झालेला आहे. ती बहिगाची. ती फेकू नये. त्या बाटलीने काय केले ते कलम सहामध्ये येईल.

कलम ५. जुनी वैरे. कोपऱ्यावरच्या कॅसेटवाल्याशी मी वीस वर्षे बोललो नाही, कारण त्याने माझी रेकॉर्डची गिऱ्हाइके पळवली. तो आता स्वतःच कॅसेटी रद्दीत घालतो आहे. त्याच्याशी माझे काही राहिले नाही. माफ केले असे लिहिणार होतो, पण माफ करण्याइतका मोठा मी नाही, आणि तो माझ्या दाराशी माफी मागायला उभाही नाही. मी कॅसेटला नावे ठेवत राहिलो. गल्लीत बसून म्हणायचो, "कॅसेट म्हणजे जेवणाचा फोटो. बघा आणि पोट भरा." लोक हसायचे. त्या हसण्याने मी फुगायचो. कलम सहामधली बहिगाची रेकॉर्ड वेळीच कॅसेटवर उतरवली असती तर हे मृत्युपत्र दोन पानांत संपले असते.

कलम ६. आता मुख्य वस्तू. माझ्या झोपायच्या खोलीतला रेकॉर्ड प्लेयर आणि त्याच्या शेजारी पुठ्ठ्याच्या पाकिटातली एकच तबकडी.

ही तबकडी दुकानात मिळणाऱ्या रेकॉर्डसारखी नाही. हिचा साचा नाही, दुसरी प्रत नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये मनशियातल्या एका स्टुडिओत बहिगाने गाणे म्हटले आणि यंत्राच्या सुईने ते तिथल्या तिथे मऊ लेपावर कोरले. तिच्या आजोळी नवरी न्हाताना बायका म्हणतात ते गाणे. तीन मिनिटे. अशा तबकडीचा लेप लोण्यासारखा असतो. प्रत्येक वेळी वाजवली की थोडी झिजते. हे सगळे मला ठाऊक होते. माझा धंदाच तो.

यंत्राचा हात बसवणे म्हणजे काय, हे वारसांसाठी साध्या शब्दांत लिहितो, कारण ते कळल्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. हाताच्या पुढच्या टोकाला डोके, डोक्यात सुई. मागच्या टोकाला फिरते वजन. आधी सुईवरची प्लास्टिकची टोपी काढायची. मग मागचे वजन फिरवत फिरवत हात हवेत आडवा तरंगू द्यायचा, रिकाम्या तराजूसारखा. तो तरंगला की आकड्यांची कडी शून्यावर आणायची. मग सुई जेवढे वजन मागते तेवढ्या आकड्यावर वजन पुढे घ्यायचे. माझी सुई तीन ग्रॅम मागते. एवढेच. अल्लाच्या कृपेने हजारो हात मी असे बसवले असतील. गिऱ्हाईक म्हणायचे, "उस्ता, जरा हलकी ठेवा सुई, रेकॉर्ड झिजेल." मी खेकसायचो, "जड सुई झिजवते, हलकी सुई फाडते! हलकी सुई चरीत बसत नाही, भिंतींवर नाचते. तुम्हाला लाडकी रेकॉर्ड फाडून घ्यायची असेल तर दुसरीकडे जा."

हे मी म्हणायचो. मी, स्वतः.

बहिगा गेल्याला चाळीस दिवस झाले त्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरात माणसे येणार होती. मी नवे यंत्र आणून सकाळीच हात बसवायला घेतला. बायका-पोरांची ये-जा सुरू होती, कोणाचा तरी पदर सुईत अडकेल म्हणून टोपी तशीच ठेवली. डोळे सारखे भरत होते. शहीरा आत रडत होती. मी टोपीसकट हात तरंगवला, कडी शून्यावर आणली, तीनवर घेतली, आणि वजन पुन्हा कोणी हलवू नये म्हणून त्यावर रंगाचा ठिपका देऊन ते कायमचे बसवून टाकले. आमच्या धंद्यात ही खूण असते: रंग लावला म्हणजे उस्तादाने पाहिले, आता हात लावायचा नाही. दुकानातला रंग घरी नव्हता, म्हणून बहिगाचा नखांचा लाल रंग लावला. ती दर गुरुवारी लावायची तो.

टोपीचे वजन दीड ग्रॅम. टोपी काढली की सुईवर उरले दीड. तीन मागणाऱ्या सुईवर दीड.

माणसे गेल्यावर घरात दोघेच राहिलो, मी आणि वारूझान. वारूझान हा अर्मेनियन, समोरच्या गाळ्यातला घड्याळजी, तेव्हाचा माझा जिवाचा दोस्त. गल्लीत त्याला सगळे 'खवागा' म्हणतात, परक्या मुलखातल्या साहेबाला म्हणतात तसे, जरी त्याचा बाप इथेच जन्मला होता. मी तबकडी लावली. अर्धे मिनिट गेले नसेल.

"फिक्री, सुई बसत नाहीये," तो म्हणाला. "ऐक, तिचा 'स' फाटतोय. वजन टाक."

"गप ऐक."

"अरे, मी वैरी आहे का तुझा? थांबव आधी ते आणि मोज."

"घड्याळवाल्यानं मला वजन शिकवायचं? ती जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत तोवर तिच्या आवाजात चुका काढतोस?"

"तिच्या नाही रे. तुझ्या."

मी त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढला. जिन्यात बायका उभ्या होत्या, त्यांच्यादेखत. त्यानंतर एकतीस वर्षे आम्ही बोललो नाही. समोरासमोर दुकाने. तो सकाळी दार वर सरकवायचा, मी सरकवायचो, आवाजावरून एकमेकांची तब्येत ओळखायचो.

बहिगा गेल्याला वर्ष झाले त्या दिवशी त्याने कॉफीवाल्या गाबेरच्या हाती एक छोटी लाकडी डबी पाठवली. मी ती न उघडता फळीवर ठेवून दिली. कागद उडू नयेत म्हणून बिलांवर ठेवत असे.

दर वर्षी चौदा मार्चला, त्या चाळिसाव्याच्या तारखेला, मी दुपारी दार लावून तबकडी एकदा वाजवायचो. वर्षातून एकदाच. किती जपतो आपण, असे मलाच वाटायचे. गाणे संपले की लगेच हात उचलायचो, कारण गाण्यानंतर बहिगा काहीतरी बोलते. गाणारा तिचा आवाज सगळ्यांचा होता, तो मी सोसायचो. घरातला बोलण्याचा आवाज मला सोसवला नसता.

दरसाल आवाज थोडा अधिक खरखरत गेला. मी म्हटले समुद्राची हवा आहे. मग म्हटले माझे कान गेले. मग म्हटले, दुःख असेच असते, जुने झाले की खरखरते. यंत्राकडे पाहिले नाही. रंग लावलेला होता ना.

शहीराने मला तीनदा मागितले. नऊ वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा. "बाबा, मैत्रिणीची आई गाते. माझी पण गायची ना? ऐकवा ना." मी म्हणालो, एकदा वाजवली की आई थोडी कमी होते बेटा. ती घाबरली. लग्नाच्या आदल्या दिवशी दुसऱ्यांदा म्हणाली, कॅसेट तरी करून द्या, मी सासरी नेते. मी तिच्यावर ओरडलो. मेंदीच्या हातांनी ती तशीच उभी राहिली. तिसऱ्यांदा, तिला मुलगी झाली तेव्हा. मुलीचे नाव तिने बहिगा ठेवले. बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली:

"मी हिला झोपवताना गुणगुणते, तेव्हा माझ्या तोंडून कोणाचा आवाज निघतो, मला माहीत नाही. एकदा ऐकवा. फक्त एकदा. मी पुन्हा नाव काढणार नाही."

"झिजेल," मी म्हणालो.

"मग झिजू दे ना बाबा! कोणासाठी राखून ठेवलीय? तुम्ही एकटेच संपवताय तिला, वर्षाला एक घास."

मी उठून स्टेशनवर गेलो आणि गाडी पकडली. त्यानंतर ती ईदला फोन करते. बरे आहात ना, औषध घेता ना, ठेवते. तिचे काही चुकले नाही.

यंदा चौदा मार्चला सुई बदलायची ठरवली. कशाला? मरण्याआधी एकदा स्वच्छ ऐकावे म्हणून. नवी सुई टोपीसकट आली. डोक्यात बसवली. ब्लेडने लाल रंग खरवडला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि वजन परत त्याच जुन्या शून्यावर आणले. हात हवेत आडवा तरंगला. अगदी काटेकोर. मी स्वतःशीच म्हणालो, वा रे उस्ता, काय बसवलाय! मग सुईवरची टोपी काढली.

डोके उसळून वर गेले.

मी टोपी पुन्हा घातली. हात खाली येऊन तरंगला. पुन्हा काढली. पुन्हा वर. असे किती वेळा केले ते आठवत नाही. शेजारणीने दार वाजवून विचारले, उस्ता, काय झाले, ओरडलात का? मी म्हणालो, काही नाही, बोट चेपले.

भिंग लावून तबकडी पाहिली. नवी तबकडी काळी चकचकीत असते. ही गाणे सुरू होते तिथपासून संपते तिथपर्यंत राखाडी झाली होती, नांगरल्यासारखी. ती माझ्या हाताने नांगरली आहे. दुसऱ्या कोणाच्या नाही. मी हे स्पष्ट लिहितो, कारण घरातला कोणी तरी दयाळूपणे म्हणेल की तबकड्या अशाच जातात. अशा जात नाहीत. वर्षातून एकदा, योग्य वजनाने वाजली असती तर झिजली असती, पण शहीराला आईचा आवाज मिळाला असता, आणि तिच्या मुलीला आजीचा.

मग फळीवरची डबी उघडली. आत वजन मोजायचा पितळेचा काटा होता. बोटाएवढा. एका बाजूला सुई टेकवायला खाच, दुसऱ्या बाजूला तीन ग्रॅमचे घड्याळजीच्या हातचे वजन. त्यावर सुई टेकवली असती तर एका क्षणात कळले असते. तीस वर्षे त्याच्याखाली मी विजेची बिले दाबून ठेवली.

कलम ७. तबकडी पाकिटात घालून मी गल्ली ओलांडली. वारूझानच्या दुकानात तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"एकतीस वर्षं लागली सहा पावलं चालायला," तो म्हणाला. "गुडघे दुखतात वाटतं."

"टोपी राहिली होती," मी म्हणालो.

त्याला दुसरा शब्द लागला नाही. त्याने भिंग काढले.

"कधीपासून?"

"चाळिसाव्यापासून."

त्याने आधी अर्मेनियन भाषेत शिवी दिली, मग मला कळावी म्हणून अरबीत दिली. मग दार खाली ओढले, स्टूल पुढे केले आणि गाबेरला दोन कॉफी सांगितल्या, माझी बिनसाखरेची. त्याला ते आठवत होते.

माझ्या घरी येऊन त्याने यंत्राचा हात पुन्हा बसवला. टोपी काढून. त्या पितळी काट्यावर मोजून. सुई गाण्यावर टेकवली. कढईत मासे तळताना मागल्या खोलीत कोणी बोलत असावे, तसे काहीतरी आले. बाई आहे एवढे कळत होते. माझी बहिगा आहे हे कळत नव्हते. त्याने हात उचलला. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

"फिक्री, इकडे ये," तो म्हणाला. भिंग लावून तबकडीवर वाकला होता. "इथं शेवटाला चकचकीत आहे. इथं सुई गेलेलीच नाही. हे काय आहे?"

मी सांगितले. गाण्यानंतरचे बोलणे. मी नेहमी आधीच उचलायचो.

त्याने चिमट्याच्या टोकाने, न टेकवता, चरी मोजल्या. "बारा फेरे. एकवीस सेकंद." मग विचारले, "काय म्हणाली होती?"

वाचणाऱ्यांनो, मी त्या स्टुडिओत हजर होतो. शहीरा माझ्या खांद्यावर होती, चार महिन्यांची, कुरकुरत होती. गाणे संपले, आणि यंत्र अजून चालू आहे हे न कळून बहिगा वळली आणि तिने पोरीला हाक मारली, हसत हसत काहीतरी म्हणाली. स्टुडिओवाला हात हलवत होता, बोलू नका, बोलू नका. एवढे आठवते. काय म्हणाली ते आठवत नाही. कारण मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. कोरणाऱ्या यंत्राचा हात किती सरळ चालतो आहे, ते पाहत होतो.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"टेकवू का सुई? दोघं ऐकू."

"नको. ते माझं नाही."

तेवढे एक मी बरोबर केले, असे मला वाटले. वारूझानला वाटले नाही. तो म्हणाला, "मग आत्ताच्या आत्ता तांत्याला फोन लाव."

"नाही."

"का नाही?"

"ती येईल. गाणं कुठंय विचारेल. मी काय सांगू? गाण्याची तीन मिनिटं ती माझ्या तोंडाकडे बघत राहील, खवागा. तेवढा दम माझ्या छातीत नाही. मी गेल्यावर ऐकव तिला."

"म्हणजे शिव्या ऐकायला तू नकोस. मेलेल्याला शिव्या लागत नाहीत, हे बरं शोधलंस! सुंभ जळला तरी पीळ गेला नाही तुझा."

मी त्याला या वेळी दाराबाहेर काढले नाही. एवढाच माझ्यात फरक पडला आहे.

कलम ८. माझ्या मर्जीच्या एक तृतीयांशातून: हत्यारांची पेटी, सगळी भिंगे आणि स्क्रूड्रायव्हरचा संच वारूझान यास. पितळी काटाही त्याचा त्यालाच. त्याच्या दारात, मी त्याला ढकलले तेव्हा जिन्यात जे जे होते त्यांच्यापैकी जेवढे जिवंत असतील तेवढ्यांसमोर, गाबेरने हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे: "खवागा बरोबर होता, आणि फिक्रीला त्या दिवशी सुद्धा आत कुठेतरी ते कळले होते." दुसरा अर्धा भाग गाळू नये. तोच खरा आहे.

कलम ९. यंत्र व तबकडी शहीरा हिला. माझ्या मृत्यूनंतर वारूझानने हात बसवावा, आधी टोपी काढावी, काट्यावर तीन ग्रॅम मोजावेत. गाण्याचा भाग वाजवू नये, तिथे आता कोणी नाही. सुई थेट चकचकीत भागाच्या सुरुवातीला, शहीराने स्वतःच्या हाताने टेकवावी. त्याच वेळी त्याची नक्कल उतरवून घ्यावी, कॅसेटवर किंवा आजकाल जे काही निघाले असेल त्यावर, कितीही भिकार असो. मग तिला हवे तितक्या वेळा ऐकावे. तिची मुलगीही जवळ असावी. बहिगा काय म्हणाली ते माझ्या कबरीवर येऊन सांगण्याची गरज नाही. मला ते ऐकण्याची संधी होती.

कलम १०. शहीरा, मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझ्या आईवर गेली आहेस, आणि मग ते ओझेही तुझ्याच डोक्यावर. मी तुझ्यासाठी राखून ठेवतो आहे असे स्वतःला सांगत होतो आणि तुझ्या वाट्याचे खात होतो. जे उरले ते मी राखले म्हणून नाही, मी ऐकायला भ्यालो म्हणून उरले.

हे मी स्वखुशीने लिहिले, वाचून पाहिले, कुठेही बदल करायचा नाही.

साक्षीदार क्रमांक एकचा शेरा: मी वारूझान, घड्याळजी. सही करण्यापूर्वी साक्षीदाराने मजकूर वाचू नये असा काही नियम असेल तर तो मी मोडला आहे. आज सकाळी टेलिफोन ऑफिसातून तांत्याला फोन केला आणि शहीराला सगळे सांगितले, टोपीसकट, डबीसकट. टोपीचे तिने दोनदा विचारून घेतले. मग म्हणाली, "काका, मी येतेय हे बाबांना सांगू नका. ते यंत्र लपवतील." चोरून काही करणे मला जमत नाही म्हणून इथे लिहून सांगतो. उद्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येते आहे, लेकीला घेऊन. फिक्री, तुला पाहिजे तर पुन्हा दाराबाहेर काढ. या खेपेला मी जिन्यातच बसून राहीन.

वरील शेरा साक्षीदाराने माझ्या परवानगीवाचून लिहिला आहे. तो खोडलेला नाही.

आज दुपारी यंत्र पुसले. टोपी काढली. हात बसवला, तीन ग्रॅम, काट्यावर तीनदा मोजले. वजनावर रंग लावलेला नाही. पलंगाशेजारी दोन खुर्च्या मांडल्या, एक छोटी स्टूलवजा लहान बहिगासाठी. कलम नऊमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडायला पेन उचलले आणि खाली ठेवले. शहीरा दार वाजवील तेव्हा माझे पाय उठतील याची मला खात्री नाही. न उठले तर मी मेलो आहे असे धरून कलम जसेच्या तसे अमलात आणावे. मी आतल्या खोलीत असलो तरी. दाराची किल्ली वारूझानकडे दिली आहे.

सही: फिक्री अब्देल-बारी सलामा

साक्षीदार:
१. वारूझान तोरोसियान, घड्याळजी, अत्तारीन
२. गाबेर हसनैन, कॉफीवाला, अत्तारीन (सही येत नाही, अंगठा)

अलेक्झांड्रिया, बुधवार, ६ एप्रिल २००५